सुपडामायची घागर

आखाजी उद्यावर आली की सारंगखेड्याच्या स्टँडजवळ डांगरांच्या हातगाड्या लागतात. दहा पावलं अलीकडूनच वास येतो, गोडसर, थोडा आंबूस, आणि माझे पाय आपोआप सावकाश पडायला लागतात. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. लग्नानंतर नाशिकला पहिल्यांदा भाजीवाल्याकडे डांगर मागितलं, तर त्याने माझ्यापुढे लाल भोपळ्याची फोड ठेवली होती. सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

यंदा बऱ्याच वर्षांनी मी आखाजीला माहेरी आले. अक्षय्य तृतीया सगळीकडेच असते, पण आमच्या खानदेशात ती लेकींची आणि पितरांची. लेकींनी माहेरी येऊन निंबाच्या झोक्यावर बसायचं, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरायची. घागरीवर लहान भांडं, भांड्यावर डांगर, शेजारी आंबे आणि सांजोरी. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट टेकवत एकेक नाव घ्यायचं. उन्हाळ्यात त्यांना तहान लागत असेल, एवढाच त्यामागचा विचार. मला तो लहानपणापासून पटलेला आहे.

मला दोन डांगरं हवी होती. एक वडिलांच्या घागरीसाठी आणि एक सुपडामायच्या.

सुपडामाय माझ्या नात्याची नाही, गोत्याची नाही. ती भोयांची, आम्ही गुजर. घरात आम्ही गुजरी बोलायचो, गल्लीत अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पण गेली पाच वर्षं नाशिकच्या फ्लॅटच्या दारात मी तिच्या नावाने घागर भरते आहे. कोरोनाच्या त्या वाईट वर्षात भावाने फोनवर सांगितलं होतं, की सुपडामाय वारली, नवापूरकडे होती म्हणे. त्या दिवसांत अशा बातम्या रोजच येत आणि कोणी त्यांची शहानिशा करत नसे. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरत राहिले. आता कुणाला सांगणार, ही एकच गोष्ट डोक्यात होती. तिला सांगायचं राहून गेलं होतं.

तर त्या गाडीवर मी एक चांगलं पिवळंधमक डांगर उचललं. गाडीवाल्याने, चाळिशीचा असेल, ते माझ्या हातून काढून घेतलं. मधल्या बोटाच्या पाठीने दोनदा टकटक केलं, मग कानाशी नेलं, डोळे मिटले आणि परत ठेवून दिलं.

"हाई नको ल्या ताई. वरथून पिकेल दिखस, मझारथून कच्चं शे."

मी तिथेच उभी राहिले. डांगर सगळेच वाजवून बघतात, पण डोळे मिटून कानाशी धरणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं.

*

आता पुलावरून खाली बघितलं तर तापी काठोकाठ भरलेली दिसते. बॅरेज झाल्यापासून पाणी अडलं आहे, ते उन्हाळ्यातही हलत नाही. काठावरच्या केळी त्यावर पोसल्या, माझ्या वडिलांच्याही पोसल्या, त्याबद्दल मी तक्रार केली तर खाल्ल्या घरचे वासे मोजल्यासारखं होईल. पण त्या पाण्याखाली एक गाव होतं, दर वर्षी सहा महिन्यांसाठी वसणारं. पावसाळा सरून पाणी उतरलं की वाळू उघडी पडायची आणि भोयांची कुटुंबं नदीत उतरायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, झोपड्या उभ्या राहायच्या. वाळूत लांबच लांब चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, त्यावर डांगराचं बी. वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून चराच्या कडेने पऱ्हाटीचं कुंपण. पाणी विहिरीतून नाही आणायचं, वाळूतच हातभर झिरा खणायचा आणि डब्याने काढायचं. त्या पाण्याला वाळूचा गार वास असायचा. सकाळी वेलांवर दव, दुपारी चुलीचा धूर आणि तळलेल्या मासळीचा वास, जो आमच्या घरात निषिद्ध होता आणि म्हणूनच मला फार आवडायचा.

त्या वाळूतल्या एका झोपडीत सुपडामाय राहायची. आधीची चार भावंडं गेली म्हणून हिला जन्मल्याबरोबर सुपात घातली आणि सुपडी नाव ठेवलं. सुपातल्या भुशाकडे यमाचं लक्ष जात नाही, असं त्यामागचं शहाणपण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. उंच, काळी, खांद्याची हाडं वर आलेली. हसायची तेव्हा आवाज नाही, फक्त पोट हलायचं.

मी दहावीला गणितात नापास झाले. पहिल्यांदा सत्तावीस, ऑक्टोबरला परत बसले तर एकतीस. गावात तेव्हा मुली दहावीपर्यंत जायच्या हेच पुष्कळ होतं. घरात कोणी मारलं नाही, रागावलं नाही. फक्त म्हसावदच्या एका स्थळाबद्दल स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलणं सुरू झालं, आणि मी आत गेले की ते थांबायचं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो दुसरा निकाल लागला तेव्हा घोड्यांच्या जत्रेचे दिवस होते. लांबलांबचे व्यापारी सकाळी घोडे नदीवर धुवायला आणायचे. पाण्यात उभे पांढरे घोडे, त्यांच्या अंगातून निघणारी वाफ, खिंकाळणं, आणि हातात घाम लागून ओला झालेला तो गुणपत्रिकेचा कागद. मी नदीवर का गेले होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. घोडे होते त्या बाजूला मी गेले नाही. वरच्या अंगाला डोह होता, तिकडे चालले होते, एवढं आठवतं. चप्पल कुठेतरी काढून ठेवली होती, तेही आठवतं.

वाटेत सुपडामाय शेणखताची भरलेली पाटी घेऊन खोळंबली होती. तिने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"पाटीना दुसरा कान धर वं," ती म्हणाली. "मन्हा एकलीघाई उचलाई नही ऱ्हायनी."

मी धरला. पाटी चरापर्यंत नेली, ओतली, परत आलो. दुसरी पाटी, तिसरी, दुपारपर्यंत. तिने एक शब्द विचारला नाही. कागद माझ्या कमरेशी खोचलेला होता, तो खताने माखला. दुपारी तिने ज्वारीची भाकर आणि लसणाची चटणी दिली, मी खाल्ली, आणि खाता खाता रडले. ती झिऱ्यातलं पाणी काढत राहिली. ऊन कलल्यावर तिने एका चराकडे बोट दाखवलं.

"हाऊ चर तुन्हा. तुले सकाय रोज येनं पडी. मी पानी घालाव नही."

तो चर माझा झाला. घरी मी सांगितलं, की शेतावर मजुरांच्या भाकरी घेऊन जाते. जायचेही, पण परतताना वाट वाकडी करून वाळूत. बी उगवलं तेव्हा त्याची दोन पानं इतकी कोवळी होती, की मी चराजवळ श्वास जपून घ्यायचे. सुपडामाय बघून म्हणायची, "फुकी टाकशी का त्याले?" आणि तिचं पोट हलायचं.

पुस्तकही तिनेच आणायला लावलं. तिला अक्षर येत नव्हतं. झिऱ्याजवळची वाळू ओली आणि सपाट असायची, तिच्यावर मी काडीने गणितं करायचे आणि ती शेजारी बसून पऱ्हाटी तोडत असायची. मध्येच म्हणायची, "हाई चुकनं." मी चिडायचे. तुला काय कळतं गं, असं एकदा बोललेही. ती म्हणाली, "मले गनित नही समजस. पन जठे चुकस तठे तुन्हा हात थांबस, आन मंग तू घाई करस." आणि पायाने वाळू सारखी करून द्यायची, परत लिहायला. एकतीस गुणांपर्यंत मला इतक्या मास्तरांनी शिकवलं होतं, पण माझा हात कुठे थांबतो हे कोणी पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी गेले तर निम्मी वाळू नव्हती. वरच्या बाजूला अवकाळी पाऊस झाला होता आणि नदी येऊन गेली होती. माझा चर गेला होता. सुपडामायचे सात गेले होते. बाकीच्या बाया काठावर बसून नदीला शिव्या देत होत्या, अस्सल, मी पहिल्यांदाच ऐकलेल्या. सुपडामाय गुडघाभर चिखलात उभी राहून नवा चर खणत होती.

"बी शे का आखो?" मी विचारलं.

"दुप्पट ठेवस मी. नदीमा मळा करना म्हनजे दोनदा पेरना."

त्याच दिवशी संध्याकाळी ती आमच्या दारात आली. दहावीचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते, हे मीच तिला बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. ती कधी गावात कुणाच्या दारात जात नसे. ओट्याखाली उभी राहिली, वर चढली नाही. वडील ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी दाराआड उभी.

"भाऊ," ती म्हणाली, "नदी दर साल मन्हा मळा ली जास. मी दर साल परत पेरस. तुम्ही दोन खेपमाच थकी ग्यात?"

वडिलांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते तापट होते आणि अशा बोलण्याची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी आत हाक मारली, की सुपडाबाईंना चहा द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल काढली, कुठे जातो ते सांगितलं नाही. परत आले तेव्हा शर्टाच्या खिशात फॉर्म होता, चार घड्या घातलेला.

मार्चमध्ये पेपर झाला. एप्रिलमध्ये नव्या चराला डांगरं धरली. पिकलं की डांगर स्वतःच देठापासून सुटतं, पण कोल्हे त्याच्या आधी येतात, म्हणून वाजवून ओळखायचं. ते तिने मला डोळे मिटायला लावून शिकवलं. "कच्चं टणटण बोलस. पिकेल बोलत नही, हुंकार देस." माझ्या चराचं पहिलं डांगर आखाजीला आजोबांच्या घागरीवर गेलं. वडिलांनी ते स्वतःच्या हाताने ठेवलं, आणि ठेवताना एकदा वास घेतला.

जूनमध्ये मी पास झाले. गणितात बावन्न. नवी चप्पल घालून शहाद्याच्या कॉलेजला निघाले, त्या दिवशी पुलावरून सुपडामाय दिसली. पावसाआधी झोपडी मोडत होती. गाडी थांबवायला लावता आली असती. दिवाळीला येऊ तेव्हा सांगू, असं मनाशी म्हटलं. दिवाळीत ती कामाला बाहेरगावी गेली होती. मग नोकरी, लग्न, नाशिक, मुलं. मध्येच कधीतरी बॅरेजचं पाणी चढलं आणि वाळू बुडाली. मी कोणी मोठी झाले नाही. एका शाळेत गणित शिकवते, आणि एखादं पोर गणिताशी अडलं की त्याचा हात कुठे थांबतो ते बघत बसते. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेते, ती जिच्याकडून शिकले तिला एक शब्द सांगितला नाही, हे मला मनापासून लागत राहिलं. म्हणून ती घागर.

*

"हे असं कानाशी धरायला कोणी शिकवलं?" मी गाडीवाल्याला विचारलं.

"मन्ही फुईनी," तो म्हणाला. फुई म्हणजे आत्या. "ती आंधी नदीमा मळा करे."

"सुपडामाय?"

"हा. तुम्हले कसी माहीत?"

"ती... कधी गेली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने गाडीवरचं फडकं उचलून मागच्या गल्लीकडे हात केला.

"कोठे जाई ती? घर शे. सकायपाईन तीन कप चहा पिनी."

त्याचं नाव धनराज. नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर बारा वर्षं काम करून ही मंडळी गेल्या थंडीत परत आली होती. वारली होती ती त्यांच्या शेजारची म्हातारी. बातमी येता येता माणूस बदललं होतं. हे सगळं तो मला चालता चालता सांगत होता आणि मी त्याच्यामागून जात होते, मीच वाजवून निवडलेली दोन डांगरं छातीशी धरून. आनंद झाला होता, आणि त्याच्या जोडीला घाबरायलाही झालं होतं. जिवंत माणसाला मी पाच वर्षं पितरांच्या रांगेत बसवून पाणी पाजलं होतं. हे तिला सांगायचं, की गिळून टाकायचं?

ती बाजेवर बसली होती. हाडं तीच, त्यावर मांस आणखी कमी. डोळ्यांत मोतीबिंदूची साय. मी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. तिने माझा हात ओढून घेतला आणि बोटं चाचपली.

"गनितवाली," ती म्हणाली.

मग मला धीर धरवला नाही. मी सांगून टाकलं, भावाचा फोन, घागर, उंबरठ्यावरचं बोट, सगळं. धनराजची बायको पदर तोंडाला लावून उभी राहिली. अभद्र बोलले की काय, असं मलाही वाटलं. मग सुपडामायचं पोट हलायला लागलं. हलता हलता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं.

"पाच साल?" ती म्हणाली. "म्हनीसनच. मी म्हनू, इतला उन्हाळा ग्यात, मी मरत कसी नही. पानी पोची ऱ्हायनं ना."

"माय, मला त्या दिवशीचं सांगायचंय," मी म्हणाले. आणि सांगितलं. डोह, काढून ठेवलेली चप्पल, ती पाटी. "तू नसतीस तर मी नसते. माझं सगळं तुझ्यामुळे आहे आणि मी तुला कधी बोलले नाही." पस्तीस वर्षं घोळवलेलं वाक्य इतकं साधं निघेल असं वाटलं नव्हतं.

ती ऐकत होती. तिला चप्पल आठवत होती. नंतर तिनेच ती काठावरून उचलून माझ्या पायाशी आणून ठेवली होती, हे मात्र मीच विसरले होते.

"तुले वाटस मी तुन्हासाठे बलावं," ती म्हणाली. "पाटी खरंच जड व्हती वं. दुसरा कान धराले मन्हं कोन व्हतं? तू रोज उनीस. त्या साल मी एकली नही ऱ्हायनू. ते मी बी तुले सांगं नही."

धनराजच्या बायकोने चौथा चहा केला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी वडिलांची घागर भरली, मी निवडलेलं डांगर वर ठेवलं. भावाने उंबरठ्यावर कुंकवाची बोटं टेकवली, आजोबा, आजी, वडील. मग मला म्हणाला, तुझंही एक असतं ना. माझं बोट कुंकवात बुडालेलंच होतं. सवयीने खाली गेलं आणि टेकायच्या आत मी ते मागे घेतलं. घरातल्या सगळ्यांसमोर मला हसू फुटलं, आणि रडूही.

दुसरी नवी घागर तशीच कोरी पडली होती. ती भरली, कडेवर घेतली, दुसरं डांगर पिशवीत टाकलं आणि दुपारच्या उन्हात सुपडामायच्या घरी गेले. तिने आधी डांगर मागितलं. मधल्या बोटाने दोनदा वाजवलं, कानाशी धरलं, डोळे मिटले. सायीच्या डोळ्यांना मिटायची गरज नव्हती, तरी मिटले.

"कोनी निवाडं?"

"मी."

"बरं निवाडं."

मग मी घागरीतून लोटा भरून दिला. नव्या मातीचा वास पाण्याला आला होता. ती सगळा लोटा प्यायली, थांबत थांबत, आणि पदराने हनुवटी पुसली.

"आते पुढला साल बी भर," ती म्हणाली. "पन पह्यले आठे लई ये. मी ऱ्हायनू तं पिसू. नही ऱ्हायनू तं तशीच उंबरठावर नेजो. पानी मन्हंच शे."